छत्रीचं कापड

मुरुमच्या बाजारपेठेत शंकरप्पा शिंप्याचं दुकान म्हणजे एक पायमशीन, एक लाकडी फळी आणि खुंट्यांवर टांगलेले मापाचे जुने कपडे, बस्स. पण गडी हट्टी असा की विचारूच नका! "माझी शिवण उसवायच्या आधी कापड फाटंल," असं तो छाती ठोकून सांगायचा, आणि खोटं कशाला बोला, व्हायचंही तसंच. पाण्याला मात्र हा वाघ जाम भ्यायचा. पाणी घोट्याच्या वर चढलं की याचा चेहरा उतरलाच म्हणून समजा. आंघोळीला तांब्यासुद्धा लहान घेतात, हे त्याची बायको कमलबाई चारचौघींत हसून सांगायची. अशा माणसानं सत्याहत्तर साली पोहण्याच्या शर्यतीचा पोशाख शिवायला घेतला.

त्याला कारण भिमाबाईची पोर, अयोध्या.

भिमाबाईचं घर छप्पन साली दीक्षा घेतलेलं. नवरा ज्ञानोबा लवकर गेला, बाई रोजगारावर जगत होती. बहात्तरच्या दुष्काळात गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं, तेव्हा दीड वर्ष तिनं त्या भिंतीवर मातीच्या पाट्या वाहिल्या, कामावर मिळणारी सरकारी सुकडी खाल्ली आणि पोरीलाही तीच खाऊ घातली. मग पाऊस पडला आणि तलाव भरला. गावच्या जुन्या विहिरींवर कुणी उतरायचं नि कुणी नाही याचे नेम ठरलेले होते. ह्या नव्या तलावाला तसला नेम लावायला अजून कुणाला सवड झाली नव्हती. अकरा वर्षांची अयोध्या कमरेला भोपळा बांधून त्यात उतरली आणि महिन्याभरात तिनं भोपळा सोडून दिला. आता ती पंधरा वर्षांची होती.

सुती कापड बेतायच्या आधी भिजवून आटवून घ्यावं लागतं. श्रावणातल्या एका सकाळी शंकरप्पा मांजरपाट घेऊन तलावावर गेला. घोट्याएवढ्या पाण्यात दगडावर बसला, कापड बुडवलं आणि समोर बघतो तर ही पोर ह्या काठावरून त्या काठाला निघालेली. तिच्यासंगं निघालेले तिघं पोरगे अर्ध्यातच मागं पडले होते. शंकरप्पानं पोहणारी माणसं पुष्कळ पाहिली होती. ती सगळी पाण्याशी भांडायची. ही भांडत नव्हती. हात आत जायचा तो आवाज न करता, आणि पाणी आपणहून बाजूला सरायचं. सरळ धाग्यावर कात्री लागली की मिटवावी-उघडावी लागत नाही, नुसती पुढं सारली तरी कापड दुभंगत जातं, तसंच ते होतं. शंकरप्पा बघतच राहिला. हातातलं मांजरपाट सुटून वाहत गेलं, तरी त्याला पत्ता नाही.

ते अयोध्यानंच आणून दिलं. "काका, कापड चाललं की तुमचं! ध्यान कुठंय?"

"तुझ्याकडंच हाय की गं," शंकरप्पा म्हणाला. "लई भारी!"

काठावर शाळेचे बब्रुवान मास्तर उभे होते. कवायत शिकवायचे, आणि ह्या पोरीला पोहणं शिकवायचं म्हणून स्वतः पुस्तक वाचून शिकलेले. ते जवळ येऊन बसले.

"शंकरप्पा, ही पोर वाया चाललीय बघा. गेल्या साली शर्यतीला नेली, शेवटची आली. शहरातल्या पोरींचे पोशाख अंगाला चिकटून बसलेले, डोक्याला रबरी टोप्या. आपली अयोध्या सुती झग्यात. झगा पाणी पिऊन एवढा जड झाला की तिला वर ओढून घ्यायला दोघं लागलो."

"मग तसला पोशाख घ्या की मास्तर."

"मुंबईला मिळतो म्हणतात. पण भिमाबाई तो अंगाला लावू देतील का? त्यांना बाह्या पाहिजेत, गुडघ्यापर्यंत लांबी पाहिजे. दसऱ्याच्या सुट्टीत सोलापूरला खुल्या शर्यती आहेत. पहिल्या दोघींना पुण्याला ठेवून घेणार, शाळा, राहणं, पोहणं सगळं तिथंच. आणि ही निवडली गेली नाही, तर दिवाळीपासून आईसंगं रोजगारावर. भिमाबाईंनी सांगून टाकलंय."

शंकरप्पा घरी आला, पण जेवणात त्याचं मन लागेना. चांगल्या कापडाची कुणी चिंधी केलेली त्याला खपायची नाही, आणि इथं तर अख्खी पोर होती.

दुसऱ्या दिवशी तो सोसायटीच्या गोदामात हजर. सेक्रेटरी कोंडीराम ज्वारी वाटत होता, दारात बायाबापड्यांची रांग. शंकरप्पानं बादलीभर पाणी नि सारख्या मापाच्या चार चिंध्या काढल्या, आणि काट्यावर एकेक चिंधी आधी कोरडी नि मग भिजवून जोखायला लागला.

"अवो शंकरप्पा, काय करलालाव?" कोंडीराम कावला. "लोकं ज्वारीला उभी हायत न्हवं!"

"थांब रं जरा. मांजरपाट बघ, कोरडं असताना पन्नास ग्रॅम, भिजल्यावर पावणेदोनशे! म्हंजे त्या लेकरानं अंगावर काय घेतलं होतं? बादली घेतली होती, बादली!"

रांगेतल्या बायांनी शिव्या दिल्या, मग त्यांनाही गंमत वाटायला लागली. टेरीकॉट कमी पाणी पीत होतं. पण सगळ्यात कमी पाणी प्यालं ते चौथ्या चिंधीनं. ती होती एका मोडक्या छत्रीच्या नायलॉनची. झटकली की कोरडी.

तरी शंकरप्पाचं समाधान होईना. वजन हे अर्धंच दुखणं. पाणी अंगाला धरून ठेवतं ते वेगळंच. मग त्यानं दुकानामागच्या जनावरांच्या हौदात कारभार मांडला. एका भोपळ्याला कापड घट्ट गुंडाळायचं, त्याला दोरा बांधायचा, दोरा हौदाच्या काठावरच्या रिकाम्या रिळावरून खाली सोडून टोकाला पावशेराचं माप टांगायचं. माप खाली जायचं, भोपळा पाण्यातून पुढं यायचा. आणि हा मनातल्या मनात "शिव शिव" मोजायचा. मांजरपाटातला भोपळा अठरा शिवांना पोचला, टेरीकॉटातला चौदांना, छत्रीतला अकरांना. जाणारी-येणारी माणसं डोक्याला हात लावत होती. बैल पाण्याला आला तर त्यालाही थांबवून ठेवला, एवढा हा गुंतलेला.

कापड सापडलं. आता छत्री कुठली? तर घरातलीच. बहात्तरच्या मे महिन्यात कमलबाईनं सोलापूरहून चांगली थोरली छत्री आणली होती, नवरा-बायको दोघं मावतील एवढी. त्या साली पावसाचा टिपूस नाही. पुढं पाऊस झाला, पण तोवर बाईचा जीव त्या छत्रीत असा अडकला होता, की भिजेल म्हणून ती छत्री बाहेरच काढायची नाही.

"छत्री? माझी छत्री कापणार?" कमलबाई कडाडली. "डोकं फिरलं का तुमचं? तुमच्या पाण्यातल्या खेळापायी माझी छत्री!"

"अगं, पाच वर्सांत एकदा तरी उघडलीस का?"

"उघडीन न्हायतर न्हाय उघडीन! हाय तर हाय ना घरात!"

तीन दिवस घरात बोलणं बंद. चौथ्या दिवशी कमलबाईनं छत्री मशीनवर आणून आपटली आणि आत गेली. शंकरप्पानंही मान वर करायची हिंमत केली नाही. त्यानं गुपचूप नवी छत्री आणून खुंटीला लावली, आणि जुनीच्या काड्या सोडवून आठही पाकळ्या उसवल्या. शिवणी अंगाच्या उभ्या रेषेत याव्यात, आडवी एकही नको, असा हिशोब घालून त्यानं त्या पुन्हा जोडल्या. पाणी उभ्यानं वाहत जाईल, आडव्या शिवणीला अडकेल, एवढं त्याला हौदानं शिकवलं होतं.

आता चूक कुठं झाली ते ऐका.

आमच्याकडं शिंपी बाईमाणसाच्या अंगाला टेप लावत नसे. बाई मापाला जुना कपडा देणार, शिंपी त्यावरून नवा बेतणार. भिमाबाईनंही अयोध्याचा शाळेचा झगा आणून दिला. तो झगा मुळातच वाढत्या अंगाला पुरावा म्हणून ढगळ शिवलेला. त्यावर शंकरप्पानं हाताच्या सवयीनं आणखी दोन बोटं वाढीव धरलं. तीस वर्षांचा रिवाज; मुरुमात तंग कपडा शिवणारा शिंपी उपाशी मेला असता. भिमाबाईच्या म्हणण्याप्रमाणं बाह्या कोपरापर्यंत, लांबी गुडघ्यापर्यंत. तयार पोशाख हातात धरून शंकरप्पाला स्वतःचाच अभिमान वाटला. भोपळ्याला आपण कापड घट्ट गुंडाळलं होतं, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. आणि भादव्यात पावसानं ओढ दिली, तलावाचं पाणी खाली गेलं, शेवाळ धरलं, म्हणून पोशाख घालून लांब पोहणंही झालं नाही.

दसऱ्याच्या आधी चौघं सोलापूरच्या एस.टी.त बसले: मास्तर, अयोध्या, भिमाबाई आणि शंकरप्पा. नवरात्राची गर्दी, नळदुर्गाला तुळजापूरची मंडळी उतरली तेव्हा कुठं बूड टेकायला मिळालं. अयोध्या खिडकीशी बसलेली. भिमाबाईनं तिला विचारलं, "भ्या वाटतंय का गं?"

"पाण्याचं न्हाय. लोकांचं वाटतंय."

सोलापूरच्या पोहण्याच्या तलावात निळंशार पाणी, तळाच्या फरशा दिसत होत्या. शंकरप्पा भिंतीला पाठ लावून, पाण्यापासून होता होईल तेवढा लांब बसला. सकाळी पहिली फेरी. सहा जणींतून पहिल्या तिघी अंतिमला जाणार. पाच जणींचे पोशाख कातडीसारखे अंगावर बसलेले. सहावी आपली, काळ्या छत्रीच्या पोशाखात, दोन वेण्या वर बांधलेली. कुणीतरी खुदकन हसलं. शंकरप्पाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

शिट्टी झाली. अयोध्यानं उडी घेतली आणि त्याच क्षणी शंकरप्पाला आपली चूक दिसली. गळ्यातून पाणी आत शिरलं आणि पाठीवर पखालीएवढा फुगवटा आला. बाह्या प्रत्येक हाताला पाणी भरून घेत होत्या नि सांडत होत्या. पोर सुंदरच हात मारत होती हो, पण दर हाताला जेवढी पुढं जायची, त्यातलं निम्मं ते कापड काढून घेत होतं. त्यात बाकीच्या कुठवर गेल्या ते बघायला ती डोकं वर काढायची, तेव्हा पाय खाली बसायचे. तिसरी आली, तीही चौथीपेक्षा वीतभर पुढं. बाहेर आली तेव्हा धापा टाकत होती, डोळ्यांत पाणी.

"काका, मागनं कुणीतरी धरल्यागत वाटत होतं," ती म्हणाली.

शंकरप्पाला भुई दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं झालं. तीस वर्षांत कुणाची शिवण उसवली नाही म्हणून मिरवणारा हा माणूस, आणि एका लेकराच्या एवढ्या मोलाच्या शर्यतीत त्यानं तिला मागून धरून ठेवलं होतं.

"भिमाबाई," तो हात जोडून म्हणाला, "चूक माझी हाय. कापड चांगलं, माप चुकलं. अंतिम शर्यत चार वाजता हाय, अजून चार तास हायत. पण आता जे करायचं ते कात्रीनंच. बाह्या जातील, खालचं जाईल, अंगावर घट्ट बसंल. तुमाला ते चालणार न्हाय, म्हाईत हाय मला."

भिमाबाईनं त्या निळ्या पाण्याकडं बघितलं. मग ती बोलली, आणि ते बोलणं शंकरप्पा मरेपर्यंत विसरला नाही.

"अण्णा, म्या ल्हान असताना आमची आय विहिरीच्या लांब उभी ऱ्हायची. कुणी वरनं वाढलं तर पाणी, न्हायतर घागर रिकामी. मंग ह्या डोक्यावर पाट्या वाहून म्या तळं बांधलं. त्यात माझी पोर पोहायला शिकली. आन आज तिला मागं कुणी वढलं? माझ्याच बाह्यांनी वढलं. कापा तुमी. लोकं काय म्हंतील ते म्या बघून घेईन."

पण टेप लावायचा कुणी? शंकरप्पानं पिशवीतून टाचण्यांची डबी काढली आणि तिच्या हातात दिली. कपडे बदलायच्या खोलीत माय-लेकी आत, हा दाराबाहेर पाठ करून उभा.

"भिमाबाई, काखेखाली कापड चिमटीत धरा. किती आलं?"

"तीन बोटं."

"सगळं घ्या. टाचणी मारा. आता कमरेला."

"चार बोटं येतंय की वो!"

"घ्या सगळं. पोरीला श्वास घेता येतोय का विचारा."

"येतोय काका!" आतून आवाज आला.

"मंग अजून अर्धं बोट घ्या. खांद्याला मात्र मोकळं ठिवा, हात फिराया पाहिजे. बाही सगळी जाऊ द्या."

टाचण्यांनी भरलेला पोशाख बाहेर आला. शंकरप्पा पायरीवर मांडी घालून बसला, आणि मुरुमचा तो नामांकित शिंपी आयुष्यात पहिल्यांदा वाढीव कापड कापायला लागला. एकदा छाटलं की परत मोठं करायची सोय नाही. मग सुई. घट्ट, बारीक, मुंगीच्या पायाएवढे टाके, एकावर एक उलटे घातलेले. नायलॉन ताणलं जात नाही, म्हणून एक बगल उघडी ठेवली; ती शेवटची वीतभर शिवण पोरीच्या अंगावरच घालावी लागली, आणि ती भिमाबाईनं घातली. छाटलेल्या बाह्यांची शंकरप्पानं टोपी शिवली, दोन्ही वेण्या आत दाबून बसतील अशी. साडेतीनला त्यानं दात लावून दोरा तोडला.

"पोरी," तो म्हणाला, "मला पोहता येत न्हाय. पण एक सांगतो. डोकं वर काढू नको. डोकं वर आलं की पाय बसतात, आन मंग पाण्याला धराया जागा मिळती. दुसऱ्या कुठं हायत ते म्या बघतो. तू फकस्त सरळ जा."

अयोध्यानं मान हलवली.

शिट्टी! ह्या वेळी पाण्यात ती शिरली ती शिरल्याचं कळलंच नाही. पाठीवर फुगवटा नाही, खांद्याशी फेस नाही, नुसती एक काळी रेघ पाण्यातून चाललेली. मुरुमच्या तलावावर पाहिलेली तीच पोर होती ती, तोच बिनआवाजाचा हात. पहिलं टोक गाठलं तेव्हा ती दुसरी. पण भिंतीशी पोचल्यावर शहरातल्या पोरी पाण्यातच कोलांटी घेऊन पायानं भिंत रेटायच्या, आणि हिला ते कुणी शिकवलेलं नाही; ही हात लावून वळायची. प्रत्येक वळणाला अर्धं अंग मागं पडायची आणि सरळ रस्त्यावर त्यातलं निम्मंच परत कमवायची. शेवटच्या वळणानंतर ती चौथी होती.

"अयोध्ये, सरळ!" मास्तर ओरडले. "सरळ गं बाई, सरळ!"

चौथीची तिसरी झाली. पुढची पोर दमली होती, तिचं डोकं वर यायला लागलं होतं, हिचं नाही. पाच हात राहिले तेव्हा दोघी बरोबरीत. सगळ्यांच्या पुढं असलेली सोलापूरची एक उंच पोर आधीच भिंतीला पोचली होती. मग दोन हात एकाच वेळी भिंतीला लागले, आणि कुणाचा आधी ते कुणालाच सांगता येईना.

पंच एकत्र जमले. घड्याळं बघितली, पुन्हा बघितली. भिमाबाईनं पदर तोंडात धरलेला. बऱ्याच वेळानं कर्ण्यातून आवाज आला:

"दुसरा क्रमांक, अयोध्या ज्ञानोबा सरवदे, मुरुम."

मेलेल्या नवऱ्याचं नाव सोलापुरात एवढ्या मोठ्यानं कुणीतरी घेतलं, ते ऐकून भिमाबाई मटकन खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. मास्तरांनी टोपी वर फेकली, ती पाण्यात पडली. अयोध्या काठाशी आली आणि हसायलाच लागली.

"काका, अवो काका! खाली बघा की!"

शंकरप्पानं खाली बघितलं. तो तलावाच्या दुसऱ्या पायरीवर उभा होता. धोतर गुडघ्याच्या वरपर्यंत भिजलेलं, आणि आपण पाण्यात कधी उतरलो याचा त्याला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी पोचला तेव्हा कमलबाई उंबऱ्यात ज्वारी निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"कितवी आली?"

"दुसरी. पुण्याला घेतली तिला."

"पहिली का न्हाय?"

"वळता येत न्हाय अजून. ते शिकवतील तिथं." शंकरप्पा खाटेवर टेकला. "पण एक घोळ झालाय. पोशाख पार अंगाबरोबर छाटलाय. वाढतं अंग हाय, चार महिन्यांत चढायचा न्हाय. दुसरा करावा लागंल, आन तसलं कापड..."

कमलबाई उठली. आत गेली, आणि खुंटीवरची नवी छत्री आणून तिनं मशीनवर ठेवली. ह्या वेळी आपटली नाही.

"हिचं कापड जास्त बारीक हाय. हात लावून बघितलंय म्या."

"अगं, आन पुढच्या मिरगात पाऊस आला तर?"

"आला तर भिजीन की," कमलबाई म्हणाली. "इतकी वरसं वाट बघून आलेल्या पावसाला छत्री दावायची व्हय? कापा मुकाट्यानं. आन ह्या टायमाला माप नीट घ्या."

शंकरप्पानं डोळे पुसले, कात्री घेतली आणि छत्रीची पहिली पाकळी उसवायला बसला.